मागचा आकडा

रविवार, रात्र

आज पुन्हा तेच ऐकलं. "अरे, डोळे झाकून 4.10 टाक. गाडी ओळखू येणार नाही तुला." सांगणारा मित्र खोटं बोलत नाही. त्याच्या जुन्या कॅमॅरोत मागच्या ॲक्सलला 4.10 चा गिअर आहे (म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट 4.10 वेळा फिरतो), मी ती चालवली आहे, आणि ती खरंच सुटते. पण त्याची गाडी वेगळी, माझी वेगळी, आणि मागच्या ॲक्सलचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. हे त्याला तोंडी पटवता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्याच्या टी-56 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.66. कारखान्यातून आलेल्या मागच्या 3.42 शी गुणलं तर 9.1 येतात; हा गुणाकार जेवढा मोठा, तेवढा चाकावर जोर जास्त. 4.10 घातल्यावर 10.9. माझी 2011 ची मस्टँग जीटी, गिअरबॉक्स एमटी-82, पहिला गिअर 3.66. मूळच्या 3.31 शी गुणलं की 12.1. म्हणजे तो सगळे बदल करून जिथे पोचला, त्याच्या पुढे मी काहीही न करता उभा आहे! टॉप गिअरचं तर त्याहून गमतीचं; तिथे गुणाकार लहान असला की हायवेवर इंजिन निवांत फिरतं. त्याचा सहावा 0.50, म्हणून 4.10 घालूनही गुणाकार 2.05 च राहतो. माझा सहावा 0.65, तो 3.31 लाच 2.15 होतो. त्याच्यासाठी 4.10 म्हणजे शहाणपण. माझ्या गाडीत तेच घातलं तर पहिला गिअर 15 वर जातो. ट्रॅक्टरच की तो. क्लच सोडेपर्यंत दुसरा टाकायची वेळ.

मंगळवार

टायर 255/40-19. मापावरून हिशेब केला तर परीघ 2.16 मीटर येतो. पण टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, तेव्हा कागदावरचा आकडा वापरायचा नाही. मागच्या टायरला आणि खाली फरशीला खडूची खूण केली, हवा नेहमीची ठेवली, स्वतः आत बसलो आणि बायकोला गाडी ढकलायला लावली. (ती म्हणाली, याला छंद म्हणतात का?) पाच फेऱ्यांना 10.5 मीटर. म्हणजे फेरीला 2.10. सहा सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण माझा निर्णय शेवटी तेवढ्याच फरकात अडकला होता.

आता 7,000 आरपीएमला, म्हणजे रेडलाइनला (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला), कोणता गिअर कुठे संपतो ते काढलं. दुसरा गिअर 2.43 चा आहे. 3.31 असेल तर तो 110 किलोमीटरला संपतो, 3.55 ला 102, 3.73 ला 97 आणि 4.10 ला साडेअठ्ठ्याऐंशी. पेन्सिल खाली ठेवून जरा वेळ बघतच बसलो. मैलांत मोजणारे 0 ते 60 चं कौतुक करतात, आणि 60 मैल म्हणजे 96.6 किलोमीटर. 3.73 तिथपर्यंत दुसऱ्यातच नेतं, जेमतेम. आपण 0 ते 100 मोजणारे. आपल्याला शेवटच्या तीन किलोमीटरसाठी तिसरा टाकावा लागणार. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त मोजपट्टी बदलली की निकाल बदलतो. टायरचं रबर पाच मिलिमीटर झिजलं की ते 97 सुद्धा राहत नाहीत.

बुधवार

"आखूड गिअर (म्हणजे मोठ्या आकड्याचा) घातला की गाडी सगळीकडे जास्त ओढते" हे अर्धसत्य आहे. एका गिअरमध्ये तुलना केली तर खरं: 3.31 वरून 3.73 वर गेलं की चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. पण आखूड गिअर लवकर संपतोही. 3.73 चा पहिला 65 ला संपतो, 3.31 चा 73 ला. या दोन आकड्यांच्या मधे काय होतं? 3.73 वाला दुसऱ्यात गेलेला असतो, त्याचा गुणाकार 9.1. 3.31 वाला अजून पहिल्यातच, 12.1. त्या आठ किलोमीटरांत 'मंद' गिअरवालाच एक तृतीयांश जास्त जोर लावतोय. हेच 97 ते 110 च्या मधे, आणि हेच 140 ते 158 च्या मधे. एक जिथे जिंकतो तिथून थोडं पुढे दुसरा जिंकतो.

इंजिनाची पॉवर गिअर बदलून वाढत नाही. 412 हॉर्सपॉवर 6,500 ला, तेवढीच. मागचा आकडा फक्त ठरवतो की ती पॉवर रस्त्यावरच्या कोणत्या वेगाला हाताशी असेल आणि हात लीव्हरकडे कधी न्यावा लागेल. म्हणून प्रश्न "किती घालू?" असा नाही. मी कुठे, कोणत्या वेगाला गिअर बदलतो, हा आहे.

आणि सुटताना पिकअप हवा म्हणून आखूड घालायचं, हेही माझ्या गाडीत चालत नाही. कमाल टॉर्क 529 न्यूटन-मीटर, गुणिले 12.1. वाटेतली गळती वजा करून चाकांखाली जेवढा जोर उरतो, तो जवळजवळ गाडीच्या अख्ख्या वजनाइतका आहे. मागच्या टायरांवर मात्र उभ्या गाडीत निम्म्याहून थोडं कमीच वजन. टायर आत्ताच जागच्या जागी फिरतात. आणखी जोर दिला तर आणखी धूर, एवढंच.

शुक्रवार

ट्रॅकच्या जुन्या नोंदी काढल्या. सगळ्यात हळू वळण मी साधारण 60 ने घेतो, दुसऱ्या गिअरमध्ये. 3.31 ला तिथे 3,830 आरपीएम भरतात. टॉर्कचं शिखर 4,250 ला. 3.55 असेल तर 4,100, 3.73 असेल तर 4,300. वळणातून बाहेर पडताना नेहमी वाटायचं की गाडी क्षणभर विचार करतेय. तो हाच फरक. 3.73 इथे बाजी मारतं, कबूल.

पण सरळ रस्त्याच्या टोकाला, ब्रेकवर पाय जायच्या क्षणी, माझा वेग 143 असतो. तिसरा गिअर 3.73 ला 140 वर संपतो, 3.55 ला 147 वर. म्हणजे 3.73 घेतलं तर तीन किलोमीटरसाठी चौथा टाकायचा आणि लगेच ब्रेक, लगेच परत खाली. त्या एका बदलात वळणावरची कमाई गेली.

3.55. हायवेवर सहाव्यात 100 ला 1,830 आरपीएम, आत्ता 1,710 आहेत. कानाला कळणारही नाही.

मित्राला सांगितलं. तो हसला. "सात टक्क्यांसाठी ॲक्सल उघडणार? येडा आहेस." सात टक्केच आहेत, हे मात्र त्याचं बरोबर.

पुढचा शनिवार

नवं क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी, हातात घेऊन आधी दात मोजले. क्राऊनला 39, पिनियनला 11. भागाकार 3.545. दोन्ही आकड्यांना समान भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. 40 ला 10 असा साधा हिशेब असता तर तेच दात जन्मभर एकमेकांना भिडत राहिले असते. जोडी एकत्र घासून तयार केलेली असते, म्हणून एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला लावायचा नाही.

दिवस शिममध्ये, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांमध्ये, गेला. पिनियनच्या डोक्यामागे शिम, त्यावर बेअरिंग. क्राऊनच्या चार-पाच दातांना पिवळी पेस्ट लावायची, हाताने अडवत फिरवायचं आणि पेस्ट कुठून पुसली गेली ते बघायचं. पहिल्या खेपेला ठसा दाताच्या मुळाशी गेला होता. पिनियन फार आत आलंय. शिम पातळ केली, पुन्हा बांधलं. आता जरा जास्तच वर. तिसऱ्या खेपेला ठसा मधोमध, लांबट, बदामाच्या आकाराचा. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, 0.25 मिलिमीटर. या चाचण्यांसाठी जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून ठेवलं होतं ते बरं झालं, नाहीतर दर वेळी प्रेसवर जावं लागलं असतं.

मग मी माती खाल्ली. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधली क्रश स्लीव्ह (चेपण्यासाठीच असलेली नळी) नट आवळेल तशी चेपत जाते आणि बेअरिंगवर ताण येतो. नव्या बेअरिंगला पिनियन फिरवायला 1.8 ते 3.3 न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. काटा दोनवर होता. तिथेच थांबायला हवं होतं. "अजून एक चुटकी" म्हणून लांब पाईपवर जोर दिला आणि काटा साडेचारवर. नट सैल करून भागत नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. सगळं बाहेर, नवी स्लीव्ह, पुन्हा पहिल्यापासून. रात्री अकरा वाजले. या खेपेला 2.4 वर हात काढला आणि पाना लांब नेऊन ठेवला.

रविवार

आधी वीस मिनिटं सावकाश फिरवली, मग पूर्ण गार होऊ दिली, मग परत. असं तीनदा. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही, आणि नवे असताना भयंकर तापतात. 80 ला कान लावून बसलो होतो. गाडी सोडल्यावर बारीकशी शीळ येते, ॲक्सिलरेटर दिला की जाते. ॲक्सलचं पहिलं तेल काढताना धातूचा चुरा धरणाऱ्या चुंबकावर काय सापडतं ते बघू.

गाडीच्या कॉम्प्युटरलाही नवा आकडा सांगितला.

पाच आठवड्यांनी

तेलात चिकट करडी भुकटी होती, तुकडे नव्हते. शीळ अजून आहे, बायकोला ऐकू येत नाही म्हणते. मी मान्य केलं.

आज ट्रॅक. हळू वळणातून बाहेर पडताना तो 'विचार' गेला आहे, पण मागच्या चाकाची पकड आता लवकर सुटते, पाय जपून द्यावा लागतो. सरळ रस्त्यावर तिसरा. त्याचा गुणाकार योगायोगाने जवळजवळ 6 झालाय, आरपीएमला सहाने भागलं की चाकाचे फेरे. ब्रेकच्या खुणेपाशी काटा 6,900 वर होता, म्हणजे 145. जोर वाढला तसा वेगही दोन किलोमीटरांनी वाढला, हे हिशेबात धरलंच नव्हतं. रेडलाइनला इंजिन अडवणारा लिमिटर लागला नाही. थंडीत हवा दाट होईल तेव्हा बहुतेक लागेल.