डीएमपी चालू असताना क्रेडिट कार्डाचा दंड परत मागायचा असेल तर

ब्रिटनमध्ये कार्डांची कर्जं आवाक्याबाहेर गेली की बरेच जण डेट मॅनेजमेंट प्लॅन घेतात. इथे सगळे त्याला डीएमपी म्हणतात. भारतात आपण ज्याला ‘सेटलमेंट’ म्हणतो, ते हे नव्हे. यात मुद्दल माफ होत नाही. घरखर्च भागून महिन्याला जे उरतं ते एका संस्थेकडे द्यायचं आणि ती ते सगळ्या बँकांना थकबाकीच्या प्रमाणात वाटते. स्टेपचेंज आणि पेप्लॅन हे काम फुकट करतात, त्यामुळे त्यासाठी कुणाला फी मोजायचं कारणच नाही.

अडचण अशी की डीएमपी कायद्याने बांधणारा करार नाही. व्याज आणि दंड थांबवायचे की नाही, हे बँक ठरवते. बऱ्याच बँका थांबवतात, पण लगेच नाही. प्लॅनमधून जाणारी रक्कम कार्डाच्या मिनिमम रकमेपेक्षा कमी असते, म्हणून बँकेची यंत्रणा तो हप्ता चुकलेलाच धरते आणि स्टेटमेंटवर ओळ येते: ‘लेट पेमेंट फी, १२.०० पौंड’. तीन कार्डं असतील तर महिन्याला ३६ पौंड, असं चार महिने चाललं तर १४४. महिन्याला १५० पौंड भरणाऱ्या घराचा जवळजवळ एक अख्खा हप्ता दंडातच गेला. वर तो दंड बाकीत मिळतो आणि त्यावरही व्याज चढतं.

हा १२ चा आकडा २००६ सालचा. ग्राहकहित पाहणाऱ्या तेव्हाच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने जाहीर केलं की १२ पौंडांपेक्षा जास्त दंड अन्याय्य मानून कारवाई होईल. त्याआधी २० ते २५ पौंड सर्रास लागायचे. १२ पौंड म्हणजे रास्तच, असं मात्र त्या संस्थेनेही म्हटलं नव्हतं. तरीही आज ‘दंड फार मोठा आहे’ एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. खरी ताकद दुसऱ्या मुद्द्यात आहे: मी अडचणीत आहे हे कळवल्यानंतरही तुम्ही दंड लावत राहिलात. बँकांवर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीचे नियम सांगतात की थकलेल्या ग्राहकाशी सवलतीने वागा, व्याज-दंड कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा विचार करा.

म्हणून सगळं एका तारखेवर येऊन ठेपतं: बँकेला पहिल्यांदा कधी सांगितलं? ती तारीख आठवत नसेल तर बँकेकडे ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’, म्हणजे आपल्याबद्दलची सगळी माहिती मागणारा अर्ज, करा. ती मोफत आहे आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. नुसती स्टेटमेंट्स नकोत, फोनवरच्या संभाषणांच्या नोंदीही मागा. ग्राहकाची नोकरी गेल्याची नोंद तिथे सापडू शकते. मग लेखी लिहा, आणि ‘ही तक्रार आहे’ असं स्पष्ट लिहा. ‘१४ मार्चला मी फोनवर कळवलं होतं. त्यानंतर लावलेले सहा दंड, एकूण ७२ पौंड, आणि त्यांवर आकारलेलं व्याज परत करा.’ एवढं पुरे. व्याजाचा उल्लेख राहिला तर फक्त दंडच परत येण्याची शक्यता जास्त.

बँकेला ८ आठवडे मिळतात. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, तेही मोफत. अंतिम उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत मात्र जायला हवं. जुन्या दंडांसाठी साधारण मर्यादा घटनेपासून ६ वर्षं, किंवा तक्रारीला कारण आहे हे कळल्यापासून ३ वर्षं, यातली जी नंतर संपेल ती. तक्रार चालू असताना प्लॅनचे हप्ते अजिबात थांबवू नका.

मंजूर झालेली रक्कम हातात येईल, असं धरून चालू नका. त्याच कार्डावर थकबाकी असेल तर बँक ती त्यातच वळती करून घेते, आणि तसं करणं सहसा योग्यच धरलं जातं. भाडं किंवा काउन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) थकला असेल तर रोख देण्याची विनंती जरूर करा, पण हमी नाही. बाकी कमी होणं हासुद्धा फायदाच आहे: ९,००० पौंडांचं कर्ज १५० च्या हप्त्याने ६० महिन्यांत फिटतं, ३०० पौंड वळते झाले तर दोन महिने वाचले. आयव्हीए, म्हणजे कायद्याने बांधणारा कर्जफेडीचा करार, घेतलेल्यांचं गणित वेगळं. त्यांनी आधी तो करार सांभाळणाऱ्या सुपरवायझरला विचारावं.

इथेच क्लेम कंपन्यांचा, म्हणजे फी घेऊन तुमच्या वतीने अशी तक्रार करणाऱ्यांचा, सापळा आहे. समजा ४०० पौंड मंजूर झाले आणि सगळे बाकीत वळते झाले. कंपनीची फी ३० टक्के असेल तर १२० पौंड अधिक व्हॅट खिशातून द्यायचे, हातात एक पेनीही न येता. दोन पानांच्या पत्रासाठी हा भुर्दंड कुणी सोसू नये.

कर्ज वसुली कंपनीला विकलं गेलं असेल तर विक्रीपूर्वीच्या दंडाची तक्रार मूळ बँकेकडेच करायची. रक्कम वळती झाली की नवी बाकी डीएमपी चालवणाऱ्या संस्थेला कळवा. त्यांच्याकडे जुनाच आकडा राहिला तर वाटप त्याच प्रमाणात चालू राहतं आणि एका कार्डाकडे गरजेपेक्षा जास्त पैसे जातात.

प्लॅन अर्धवट असताना पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्यांनाही ब्रिटिश बँकेविरुद्ध ही तक्रार तिथून करता येते. फक्त तिचा निकाल लागेपर्यंत ब्रिटनमधलं बँक खातं बंद करू नका. पौंडांचा चेक भारतात वटवणं फार जिकिरीचं जातं.