फोन उशाशी घेऊन तीन वर्षं

नवरा आणि मी तीन वर्षं चर्चच्या दीडशे तरुण धर्मप्रचारकांची देखरेख केली. त्या तीन वर्षांत माझा फोन एकदाही सायलेंटवर नव्हता. आंघोळीला जाताना मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाथरूमच्या खिडकीत ठेवायचे. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तो मांडीवर उलटा ठेवलेला असे. एक डोळा मिटलेला, एक फोनवर.

मी मूळची सांगलीची. १९९६ साली एमएस करायला सॉल्ट लेक सिटीला गेले, तिथे मार्क भेटला आणि लग्नाआधी वर्षभर विचार करून मी त्याच्या चर्चची सभासद झाले. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं ते हे चर्च. खरं नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, आणि २०१८ पासून तर ‘मॉर्मन म्हणू नका’ असा चर्चचाच आग्रह आहे. पण माझ्या मावशीला अजून ‘ते मोर्मोन का कायसं’ एवढंच ठाऊक आहे, म्हणून इथे तोच शब्द वापरते. बाबा तेव्हा दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. तो वेगळा विषय.

आमच्यात मुलगा अठराचा झाला की चोवीस महिने मिशनवर, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला, जातो. मुली तेव्हा एकोणिसाव्या वर्षी आणि अठरा महिन्यांसाठी जायच्या. या कामाचे जगभर शेकडो विभाग आहेत, त्यांनाही मिशनच म्हणतात, आणि प्रत्येक मिशनवर देखरेखीला एक जोडपं पाठवतात, तीन वर्षांसाठी. ही पगारी नोकरी नव्हे. घरखर्च भागेल एवढा भत्ता मिळतो, पण आपला धंदा, आपलं घर, मुलांची शाळा हे सगळं सोडून जायचं. २०१७च्या अखेरीस आमची व्हिडिओवर मुलाखत झाली. तब्येत कशी आहे, कर्ज किती आहे, आईवडिलांना कोण बघतं. कुठे जायचं ते नंतर कळलं: फिलिपिन्स. मार्कने दातांचा दवाखाना भागीदाराच्या हवाली केला, घर भाड्याने दिलं. थोरला नील स्वतःच मिशनवर ब्राझीलला होता. पंधरा वर्षांची इशा आणि अकरा वर्षांचा रोहन आमच्याबरोबर. जूनमध्ये युटातल्याच प्रोव्हो शहरात काही दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि १ जुलैला आम्ही विसायस बेटांमधल्या एका शहरात हजर. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही. ती पोरं आता आपापल्या घरी संसाराला लागली आहेत.

पहिल्या आठवड्यात मला परकं वाटलं नाही, ते भातामुळे. तिथल्या सेबुआनो भाषेत शेतातल्या भाताला हुमाय म्हणतात, तूस काढलेल्या तांदळाला बुगास आणि शिजलेल्या भाताला कान-ऑन. मार्कला तिन्हीला ‘राइस’ म्हणायची सवय, त्यामुळे बाजारात तो दर वेळी चुकायचा. मी एकदाही चुकले नाही. पातेल्याच्या तळाशी लागलेल्या भातालाही त्यांच्याकडे शब्द आहे, दुकोत. म्हणजे आपली खरवड! इंग्रजीत याला काय म्हणतात ते मला वीस वर्षांत सापडलेलं नाही.

चहा मी लग्नाआधीच सोडला होता. चहा, कॉफी, दारू, तंबाखू आमच्यात वर्ज्य. सांगलीच्या मुलीला चहा सोडणं धर्म बदलण्यापेक्षा जड गेलं, हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे. मिशन होमच्या, म्हणजे आम्हाला राहायला दिलेल्या घराच्या, मागच्या अंगणात गवती चहाचा मोठा ठोंब होता. तिथे त्याला टांगलाद म्हणतात आणि कोंबडीच्या, माशाच्या रश्श्यात घालतात. मी रोज पहाटे साडेपाचला चार पाती, आल्याचा तुकडा आणि गूळ घालून पाणी उकळायचे. कामवाल्या ताई, म्हणजे तिकडच्या भाषेत आते, मला म्हणायच्या, ‘कोंबडी कुठाय?’

साडेपाचच का, तर साडेसहाला पोरं उठायची आणि फोन सुरू व्हायचा. दीडशेच्या आसपास मिशनरी होते. निम्म्याहून जास्त फिलिपिनो, बाकी अमेरिकेतले, काही टोंगा-सामोआचे. दोघादोघांच्या जोड्या, एकटं कुठेही जायचं नाही, रात्री साडेदहाला दिवे बंद. समुद्र चारी बाजूंनी, पण पोहायची बंदी. मुलांना एल्डर आणि मुलींना सिस्टर म्हणायचं. त्यांच्या कामाचा, शिस्तीचा आणि मनाचा भार मार्कवर. त्यांच्या शरीराचा भार माझ्यावर. तसं कागदावर नेमकं कुठे लिहिलेलं नाही, पण मिशन लीडरच्या बायकोकडे ते आपोआप येतं. मी शिकले संगणकशास्त्र. तीन वर्षं विचारलं काय, तर पुरळ कसलं, जुलाब किती वेळा, कुत्रं पाळीव होतं की भटकं. तिथे सरकारी ‘ॲनिमल बाइट सेंटर’ असतात आणि त्यांचे पत्ते मला आमच्या घराच्या पत्त्याआधी पाठ झाले.

पण सगळ्यात भीती डेंग्यूची. पहिल्याच पावसाळ्यात एका अमेरिकन मुलाला झाला. सहा फूट दोन इंच, शेतकऱ्याच्या घरातला. चार दिवस ताप होता, मी सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. पाचव्या दिवशी तो म्हणाला, ‘सिस्टर, ताप गेला.’ मी म्हटलं, छान, आता भात-सूप खा आणि झोप. माझ्या डोक्यात आजीचं गणित होतं: ताप उतरला की दुखणं उतरलं. डेंग्यूत नेमकं उलटं असतं. ताप उतरतो त्या एक-दोन दिवसांतच रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपायला लागतं, रक्तदाब पडतो, खरा धोका तेव्हाच. हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं. वहीत लिहिलेलंही होतं.

त्याचा जोडीदार एका कोळ्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. रात्री अकराला, म्हणजे नियम मोडून, त्याचा फोन आला. ‘सिस्टर, याचं पोट फार दुखतंय, दोनदा ओकला, आणि हात गार लागतायत. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं.’ बहिणीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्याने मुख्य रस्त्यापर्यंत धावत जाऊन ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तिकडची रिक्षा, आणली, त्या लांबड्या पोराला कसंबसं दुमडून आत बसवलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर सलाइन लागलं होतं. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. तिकडे रुग्णाजवळ घरचं कुणीतरी बसावंच लागतं, त्याला बांताय म्हणतात. कोळ्याचा पोरगा चार रात्री बांताय म्हणून लाकडी बाकावर झोपला. अमेरिकेत त्या मुलाच्या आईला मार्कने फोन केला. ती आधी बराच वेळ काही बोललीच नाही, मग तिने विचारलं, ‘त्याच्याजवळ आत्ता कोण आहे?’

मुलगा वाचला. त्यानंतर ताप उतरलेल्या प्रत्येकाची पुढचे दोन दिवस रक्ततपासणी, पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नाही, आणि ‘बरं वाटतंय’ हे वाक्य मी जोडीदाराकडून ऐकल्याशिवाय खरं धरायचं नाही. एकोणीस वर्षांचं पोर स्वतःच्या दुखण्याबद्दल धडधडीत खोटं बोलतं. कामावरून बसवतील ही त्याला भीती.

दर सहा आठवड्यांनी बदल्या. ऑफिसच्या भिंतीवर मोठा फळा, त्यावर प्रत्येकाचा फोटो चुंबकाने लावलेला. मार्क रात्री एकटाच त्याच्यासमोर उभा राहायचा, प्रार्थना करायचा, दोन फोटो जवळ आणायचा, पुन्हा लांब करायचा. हुबेहूब आमच्याकडचे पत्रिका जुळवणारे काका. एक घोरतो, एकाला घोरणं सहन होत नाही. एकाला घरची आठवण फार येते, त्याला बोलका जोडीदार हवा. नवी मुलं मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रातून यायची, पहिली रात्र आमच्याकडे जेवायची. परतणारी मुलं शेवटची रात्र आमच्याकडे जेवायची. तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक दर सहा आठवड्यांनी दोनदा. मी एकदा हौसेने पावभाजी केली. अमेरिकन पोरांनी तिखट म्हणून पाणी प्यायलं, टोंगाच्यांनी पातेलं पुसलं, आणि फिलिपिनो पोरांनी नम्रपणे विचारलं, भात नाही का?

यात माझी स्वतःची दोन कुठे होती? घरात होती. इंटरनेटवरची अमेरिकन शाळा, आणि वीज गेली की शाळाही जायची. तिथे वीज जाण्याला ब्राउनआउट म्हणतात. मला लोडशेडिंगची सवय होती, त्यांना नव्हती. सोमवारची संध्याकाळ आमच्या चर्चमध्ये कुटुंबासाठी राखून ठेवायची पद्धत आहे: एकत्र बसायचं, खेळायचं, गोड खायचं. आणि सोमवार हाच मिशनऱ्यांचा मोकळा दिवस. कपडे धुणं, बाजार, बास्केटबॉल, आणि म्हणून मुरगळलेले पाय. दीडशे मुलांची मार्कला साप्ताहिक पत्रंही सोमवारीच येत. तीन वर्षांत आमच्या किती सोमवारच्या संध्याकाळी फोन न वाजता गेल्या ते रोहनने मोजलं होतं. आकडा मी सांगत नाही.

मार्क दर तीन महिन्यांनी प्रत्येक मिशनऱ्याशी एकेकट्याने बोलायचा. त्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं असे. एकदा त्यात, दुपारच्या दोन एल्डरांच्या मध्ये, निळ्या पेनाने लिहिलेलं दिसलं: ‘४.२० इशा’. त्याला आधी वाटलं चेष्टा आहे. चार वीसला ती खरंच ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसली, हातात वही घेऊन. आत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी मार्क दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर कोळशावरची कोंबडी खायला जायला लागला आणि जाताना स्वतःचा फोन माझ्याकडे देऊन जायचा. म्हणजे गुरुवारी माझ्याकडे दोन फोन.

२०१९च्या फेब्रुवारीत एक मोठा बदल झाला. तोवर मुलांनी घरी आठवड्याला ईमेल करायची आणि फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला. १५ फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी बोलायची परवानगी मिळाली. मला वाटलं, आता आया मला पत्रं लिहायच्या थांबतील. उलट पत्रं वाढली. आधी त्यांना मुलाचं ‘सगळं मस्त’ एवढंच वाचायला मिळायचं, आता त्यांना चेहरा दिसायला लागला. ‘बारीक झालाय’, ‘डोळे सुजलेत’, ‘काहीतरी लपवतोय.’ नव्वद टक्के वेळा त्यांचं खरं निघायचं. माझा नीलही त्या आठवड्यात पहिल्यांदा ब्राझीलहून बोलला. मी त्याला विचारलं, जेवतोस ना, आणि तो म्हणाला, ‘सगळं मस्त.’

त्याच वर्षी २४ डिसेंबरला उर्सुला चक्रीवादळ आलं. नाताळची आदली रात्र. प्रत्येक जोडीने ‘सुरक्षित’ असा मेसेज करायचा होता. मध्यरात्रीपर्यंत दोन जोड्या राहिल्या, त्या भागातले टॉवर पडले होते. मार्क पहाटे ड्रायव्हरला घेऊन निघाला. वाटेत नारळाची झाडं आडवी, मग पुढे चालत. एक जोडी चर्चच्या इमारतीत आसऱ्याला आलेल्या शेजाऱ्यांबरोबर भात शिजवत होती. दुसऱ्या दोघी सिस्टर घरमालकिणीच्या छताला पत्रे ठोकत होत्या आणि हातोडा कुणी धरायचा यावर त्यांचं भांडण चालू होतं. आमच्या मुलांनी नाताळच्या भेटी २७ तारखेला उघडल्या.

मग मार्च २०२०. फिलिपिन्समधल्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांनी घरी परतायचं, असं कळवलं गेलं. हातात काही दिवस. बेटांमधल्या बोटी बंद होत होत्या, विमानं भरत होती. शेवटच्या रात्रीचं जेवण नाही, निरोप नाही. मी आणि आतेने मिळून उकडलेली अंडी, पाव आणि केळी पिशव्यांत भरली. एक मुलगी येऊन आठ आठवडेच झाले होते. ती पिशवी हातात घेऊन म्हणाली, ‘माझ्या जोडीदारणीला सांगा, माझी छत्री तिला ठेवलीय.’ फळ्यावरचे फोटो रोहनने काढले. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मोकळी चुंबकं एका डब्यात घातली आणि उरलेले फोटो सरकवून जवळ आणले नाहीत, जागा तशाच ठेवल्या.

पुढचं वर्षभर फिलिपिनो मुलं त्यांच्या खोल्यांतून फेसबुकवर लोकांशी बोलत राहिली आणि मी त्यांच्याशी. दुखणी आता वेगळी होती. झोप येत नाही, भूक नाही, काही नाही सिस्टर, असाच फोन केला. यावर पॅरासिटामॉल चालत नाही. मी त्यांना आज काय शिजवलं ते विचारायचे, आणि मग दुकोत कुणी खाल्ली.

सांगलीत आई त्या काळात आजारी होती. परवानगीशिवाय मिशनची हद्द ओलांडायची नाही असा नियम, पण तेव्हा नियमाची गरजच नव्हती, विमानंच नव्हती. बाबा रोज रात्री व्हिडिओ कॉल करून फोन आईच्या तोंडासमोर धरायचे. हेच बाबा. एकदा मध्येच दुसरा फोन आला तर तेच म्हणाले, ‘घे घे, कुणाचं तरी पोर असेल.’

२०२१च्या जुलैत आमची मुदत संपली. नव्या जोडप्याला सगळं सोपवायला जेमतेम एक दिवस मिळाला. मी तिला किल्ल्या दिल्या, वही दिली, त्यातलं डेंग्यूचं पान दुमडून दाखवलं. जनरेटर पहिल्या झटक्याला सुरू होत नाही, आतेला गुरुवारी सुट्टी, मागचा टांगलाद तोडू नका. सिम कार्ड मिशनचं होतं, ते काढून तिच्या फोनमध्ये घातलं. आमची गाडी फाटकाबाहेर पडत असतानाच तिच्या हातातला फोन वाजला. मी पर्समध्ये हात घातला. इशाने मागच्या सीटवरून तो धरला.