फुलं सरल्यावर

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला गाड्यांची रांग लागते. दिवाळीनंतर तिथल्या पिवळ्या गवताकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि रानफुलांचं बी गोळा करून आपसांत वाटणाऱ्या आम्हा बियावाल्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. कासला हात लावायचा नाही, ते राखीव. घाटरस्त्याची कड, शेताचे बांध आणि ओळखीतल्या कुणाची पडीक जमीन, एवढंच आमचं रान.

बी विकत का नाही घेत? कारण 'रानफुलं' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतून बहुतेकदा कॉसमॉस आणि झिनिया उगवतात, दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. इथली तेरडा, कुर्डू, पिवळी तिळवण मागितली तर दुकानदार "ते तण आहे हो," म्हणतात. गंमत म्हणजे कुंडीत कौतुकानं वाढवतात तो कोंबडा या कुर्डूचाच सख्खा. एकाला खत, दुसऱ्याला खुरपं!

तेरडा दिवाळीपर्यंत थांबत नाही. त्याचं फुगीर, लवदार बोंड पिकलं की नुसता धक्का पुरतो. साल झटकन गुंडाळते आणि बी चारी दिशांना उडतं. म्हणून बोंड अलगद मुठीत घ्यायचं आणि तिथेच फुटू द्यायचं. तळहाताला जी गुदगुली होते, तिच्यासाठी मी गरजेपेक्षा जास्त बोंडं फोडते. कुर्डू मात्र गुणी. वाळलेला तुरा वर्तमानपत्रावर चोळला की काळं, चकचकीत बी पडतं, राजगिऱ्याएवढं. आहेच तो राजगिऱ्याच्या कुळातला.

काही फुलं मागूच नयेत. दुधाळी गवताच्या मुळांतून निम्मं पोट भरते. सीतेची आसवं पाणथळ सड्यावर बारीक जीव पकडून जगतात. कुंडीतल्या शेणखताचं त्यांना काय कौतुक?

देवाणघेवाण होते ती संक्रांतीला. तोवर बी खडखडीत वाळलेलं असतं आणि पेरणीला जूनपर्यंत सवड असते. प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बऱ्या. पुडीवर नाव, गाव, महिना. आत काय आहे ते देणारीच्या शब्दावर. पाऊस पडल्याशिवाय खातरजमा नाही, आणि पाऊस पडल्यावरही दोन पानांवर सगळी रोपं सारखीच दिसतात. एक मैत्रीण तर बी वेचतच नाही, झाडाखालची चिमूटभर माती देते. तिच्या पुडीतून तिळवण आली, केना आला, आणि एक गवत, ज्याला अजून कुणी नाव सांगितलेलं नाही.

यंदा मला कवला हवाय, तो मिकी माऊससारखा दिसणारा पिवळा. बदल्यात द्यायला कुर्डू पोतंभर आहे. अडचण एवढीच, की कुर्डू सगळ्यांकडेच पोतंभर आहे. "भाजी कर त्याची," असं उत्तर येतं. कोवळ्या पानांची खरंच छान होते, पण त्यावर कवला मिळत नाही.