खोबरेल थिजण्याचे दिवस

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळी आत्याच्या केसांना तेल लावायला बसले. बाटली नेहमीसारखी उपडी केली, तर अर्धं तेल हातावरून थेट साडीवर. "पौष लागला आणि खोबरेल पातळ?" आत्या म्हणाली. सूर असा, की तेलवाल्यानं भेसळच केली असावी. तिच्या लहानपणी थंडीत न्हाण्याआधी बाटली उन्हात ठेवावी लागे, ऊन चढलं नसेल तर बंबाशेजारी. मग पुढचं वाक्य आलंच: "पुण्यात तेव्हा पंखे होते कुणाकडे?" हे मी जन्मापासून ऐकतेय. आधी खरं वाटायचं, कॉलेजात असताना हसू यायचं, आता पुन्हा खरं वाटायला लागलंय.

पेपरातही आज तेच. हवामान खात्यानं काल जाहीर केलं, की २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष. वर्षाचं सरासरी तापमान २५.७५ अंश, म्हणजे १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ नं जास्त. याआधीचा मान २०१६ कडे होता, ०.५४ चा. शिवाय सर्वांत उष्ण पंधरा वर्षांपैकी दहा गेल्या पंधरा वर्षांतलीच. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "शून्य पॉइंट पासष्ट? यानं काय होतंय? एवढा फरक तर आपल्या दोन खोल्यांत असतो."

मी समजावायला लागले. सरासरी म्हणजे काय, देशभरातली केंद्रं, वर्षाचे सगळे दिवस, चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात वगैरे. माझंच मला पटेना. मग तीच म्हणाली, "थांब. खानावळीसारखं म्हण की." सदाशिव पेठेत तिनं बावीस वर्षं मुलांची खानावळ चालवली. चाळीस पानं, दोन्ही वेळ. "एखाद्या पोरानं एक दिवस चार पोळ्या जास्त खाल्ल्या, तर मला कळायचंही नाही. दुसरा कुणीतरी उपाशी झोपलेला असायचाच. पण माणशी, वेळेला अर्धी पोळी वाढली तर?" आम्ही दोघींनी हिशेब केला. महिन्याला बाराशे पोळ्या. "वाणी दारात येऊन उभा राहील," ती म्हणाली.

मी मात्र बातमीतल्या दुसऱ्याच आकड्यापाशी अडकले. रात्रीचं, म्हणजे किमान तापमान ०.९० नं वर गेलंय, दिवसाची वाढ त्यामानानं पुष्कळच कमी. ऑक्टोबर आठवला. पहाटेपर्यंत पंखा, उशी ओली. तो तर १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता म्हणे. मला वाटलं, किल्ली सापडली. दिवस तेवढेच तापतात, चोरी झालीय ती रात्रींची. आत्याचं तेलही रात्रीच थिजायचं ना!

११ जानेवारी, शनिवार

भाच्यानं ग्रुपवर टाकलंय: जग १.५५ अंशांनी तापलं, भारत फक्त ०.६५ नं. खाली तिरंगा आणि नमस्काराचे हात. तीन मावश्यांनी अंगठे दाखवले.

राग आला, पण ग्रुपवर भांडायचं नाही असं संक्रांतीच्या आधीच ठरवलंय, म्हणून इथे लिहिते. जागतिक हवामान संघटनेनं काल जो १.५५ चा आकडा दिला, तो १८५० ते १९०० च्या तुलनेत, कारखान्यांचा धूर फारसा नव्हता तेव्हाच्या. आपला ०.६५ मोजलाय तो १९९१ ते २०२० च्या सरासरीपासून, आणि ती तीस वर्षं स्वतःच तापलेली. एकानं पोराची उंची जमिनीपासून मोजायची, दुसऱ्यानं जमिनीवरच उभ्या पोराची, पण शेजारच्या पाटाच्या उंचीपासून, आणि मग म्हणायचं आमचं पोर बुटकं!

त्यात हा पाट दर दहा वर्षांनी उंच होतो. आधी 'सामान्य' म्हणजे १९८१ ते २०१० ची सरासरी होती, आता १९९१ ते २०२०. यात लबाडी नाही, जगभर हीच रीत आहे, आणि शेतीपाण्याच्या कामाला हल्लीचं 'सामान्य'च उपयोगी पडतं. पण बातम्यांत 'आज तापमान सरासरीइतकं' असं ऐकू आलं, की आता विचारावंसं वाटतं, कुठल्या सरासरीइतकं? आत्याच्या की माझ्या?

भारत तापला जगाच्या सरासरीपेक्षा कमी, हे मात्र खरं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या २०२० च्या अहवालात १९०१ ते २०१८ मधली वाढ सुमारे ०.७ अंश दिली आहे. एक तर जमीन-समुद्र धरून जगाची सरासरी आणि एका देशाची जमीन यांची सरळ तुलना होत नाही. वर आपल्याकडे हवेतल्या धुराचं आणि धूलिकणांचं छत्र ऊन थोडं अडवतं, आणि ओलिताखालची शेतं बाष्पीभवनानं हवा गार ठेवतात. म्हणजे ज्या धुरानं छाती भरते, त्याच धुरानं आकडा खाली ठेवलाय. यावर तिरंगा कसा लावायचा, ते भाच्यालाच विचारावं.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीची भाकरी तीळ लावून, लेकुरवाळी भाजी, लोणी. बाजरी उष्ण, म्हणून थंडीत. तव्यासमोर मला घामाच्या धारा. आत्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारी म्हणाली, "पोटात आग पडलीय. पंखा लाव."

१७ जानेवारी, शुक्रवार

पुण्याचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. आज बरोबर नव्वद वर्षं झाली. आत्याचा जन्म त्यानंतरचा, तरी तिनं तो जणू डोळ्यांनी पाहिलाय. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणे, की हौदावर साय धरल्यासारखं काहीतरी दिसत होतं. असेलही.

मी मुद्दाम उलट टोक काढलं. पुण्याचा एप्रिलमधला उच्चांक ४३.३, ३० एप्रिल १८९७ चा. म्हणजे पंखे नव्हते तेव्हा पुणं गार होतं असं नाही. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पारा ४३ वर गेला, तरी १८९७ चा आकडा मोडला नाही. आत्या गप्प बसली. मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच लाज वाटली. एका दिवसाच्या आकड्यानं तिच्या ऐंशी वर्षांना उत्तर देणं म्हणजे चार पोळ्या जास्त खाल्लेल्या पोराकडे बोट दाखवणं.

आणि माझी किल्लीही लागेना. शतकभराचे आकडे पाहिले तर उलटंच निघालं. देशाचं कमाल तापमान शंभर वर्षांत जवळजवळ ०.९ अंशानं वाढलंय, किमान त्याच्या साधारण निम्म्यानं. म्हणजे दिवसच जास्त तापले. २०२४ मध्ये रात्री पुढे गेल्या, म्हणून मी एका वर्षावरून शतकाचा निकाल लावून मोकळी झाले होते. ग्रुपवरच्या भाच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी वहीत चुकले.

मग आमच्या रात्री इतक्या गरम का? दुपारी बँकेतून येताना बस सिमला ऑफिसवरून गेली. लहानपणी वाटायचं, तिथे सिमल्याची थंड हवा मिळते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून हे नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण बसथांबा सिमल्यातच राहिला. शाळेच्या सहलीत तिथे पाहिलेली पांढरी लाकडी पेटी आठवली, चारी बाजूंनी झडपा असलेली. आत तापमापक, खाली गवत, आणि दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. तिथल्या काकांनी बजावलं होतं, की पेटी भिंतीजवळ ठेवायची नाही, भिंत दिवसाची उष्णता साठवते आणि रात्री सोडते.

आणि आम्ही तर भिंतीतच राहतो. आत्याच्या जुन्या वाड्याच्या भिंती मातीच्या होत्या, दोन हात जाड, मागे विहीर आणि चिंच. इथे चौथ्या मजल्यावर पश्चिमेची काँक्रीटची भिंत रात्री अकराला हात लावला तरी कोमट लागते. खाली गाड्यांसाठी फरशी, समोर दुसरी इमारत. देश शतकात पाऊण अंशाच्या आत तापला. आत्या त्यात वाड्याची, चिंचेची आणि विहिरीची बेरीज करून सांगते. खोटं नाही सांगत, पण तिच्या आकड्यातलं किती आभाळाचं आणि किती बिल्डरचं, ते वेगळं काढता येत नाही.

हे लिहिता लिहिता तेलाच्या बाटलीकडे लक्ष गेलं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. वाड्यात बाटली कोनाड्यात असायची, उत्तरेच्या. इथे गेली अकरा वर्षं ती न्हाणीघरात असते, गीझरच्या बरोबर खाली!

आत्याला सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "तरी पण पंखे नव्हते."

बाटली आता उत्तरेच्या खिडकीत ठेवली आहे, भिंतीपासून वीतभर दूर. रोज सकाळी साडेआठला बघायचं. तिथल्या पेटीचीही हीच वेळ असते.

१८ जानेवारी, शनिवार

८.३०. कडेनं पांढरं, मध्ये पातळ.