आमची वाटचाल : पट्टी वाकेपर्यंत

आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बेंड टेस्टला, म्हणजे वेल्डच्या जोडातून पट्टी कापून वाकवून बघतात तेव्हा, मोडलेल्या पट्ट्या ठेवल्यात. पास झालेल्यांच्या भंगारात जातात, मोडलेल्या मी जपून ठेवतो. सगळ्यात वरची माझी आहे, शिकत होतो तेव्हाची. ३जी पोझिशन, म्हणजे उभी प्लेट, खालून वर वेल्ड. कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, इतकं देखणं आलं होतं की पट्ट्या कापायच्या आधीच मी पास झाल्यासारखा फिरत होतो. फेस बेंड, म्हणजे वरची बाजू ताणून वाकवायची पट्टी, निभावली. रूट बेंड, म्हणजे मुळाची बाजू ताणायची पट्टी, जॅकखाली गेली आणि अर्ध्यातच कडकन आवाज झाला. मुळाशी एका बाजूला धातू नुसता टेकला होता, फ्युजन नव्हतंच.

"वरची नक्षी चांगली काढलीस," मिस्त्री एवढंच म्हणाले.

मिस्त्री तेव्हा त्या वर्कशॉपमध्ये प्लेटा कापून बेव्हल मारून, म्हणजे कडा तिरप्या करून, द्यायचे. शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं, पण मी खरं वेल्डिंग शिकलो ते त्यांच्याकडूनच. पुढे मी स्वतःचं काढलं तेव्हा पहिला माणूस तेच आले. वेल्डिंगचं जुनं मशीन म्हणजे रेक्टिफायर, पत्र्याचे तीन बूथ, एक ग्राइंडर. दिवसा फॅब्रिकेशनची कामं करायची आणि संध्याकाळी परीक्षेच्या तयारीची मुलं घ्यायची.

मिस्त्रींच्या खिशात एक तार असायची. ३.१५ मिलीमीटरच्या वेल्डिंग रॉडचा फ्लक्स, म्हणजे वरचा लेप, झोडून काढायचा, आतली तार वाकवून चिमट्यासारखी करायची आणि दोन प्लेटांच्या मध्ये धरायची, झाला रूट गॅप, मुळाशी ठेवायची फट. पहिला टॅक, म्हणजे प्लेटा धरून ठेवणारा टाका, मारला की तार खाली सरकवायची. शेवटच्या टोकाला ते गॅप केसभर जास्त ठेवायचे, कारण वेल्ड तापून ओढत जातं आणि वर पोचेपर्यंत गॅप मिटतो. मग प्रत्येक टॅकची दोन्ही टोकं ग्राइंडरने उतरती करायची. मुलं हे टाळतात, आणि नेमकं तिथेच रूट बसत नाही. गेजची पेटी आणून ठेवली तरी मिस्त्रींनी ती उघडली नाही.

मुलं यायची ती ६०१३ या रॉडवर हात बसलेली. तो रॉड बिचारा सगळं सांभाळून घेतो. ७०१८ हातात दिला की पहिला आठवडा चिकटवण्यात जातो. थांबलेल्या रॉडच्या टोकावर फ्लक्सचा काचेसारखा टवका बसतो, तो आधी फोडायचा. आर्क क्रेटरच्या, म्हणजे आधी थांबलो तिथल्या खळग्याच्या, थोडा पुढे मारायचा, मागे येऊन क्रेटर भरायचा आणि मगच पुढे निघायचं. आर्क लांब धरला की सुरुवातीलाच भोकं. आणि करंट मशीनच्या काट्यावर सोडू नका, केबलला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावा. आमच्या रेक्टिफायरचा काटा ११० दाखवायचा तेव्हा केबलमधून ९० जायचे. हे कळायच्या आधी मी दोन मुलांना उगाच बोललो होतो.

आता त्या पावसाळ्याचं.

एका मोठ्या फॅब्रिकेशन पार्टीने त्यांच्या भरतीची चौदा मुलं आमच्याकडे तयारीला दिली. परीक्षेचे पाइपसुद्धा आमच्याच बूथवर त्यांच्या इन्स्पेक्टरसमोर मारायचे, आमच्याच रॉडने. ६जी, म्हणजे पाइप ४५ अंशांत बांधलेला, फिरवायची सोय नाही, माणसानेच भोवती फिरायचं. मुलांनी महिनाभर जीव ओतला. सहा वाजताच्या जागी रूट आत ओढला जातो तो कसा थांबवायचा यावरच आठवडा घालवला. रेडिओग्राफीचा, म्हणजे जोडाच्या एक्स-रेचा, रिपोर्ट आला : चौदापैकी नऊ रिजेक्ट. रूट स्वच्छ, आणि त्यावरच्या थरांत, फिलिंगमध्ये, ठिकठिकाणी पोरॉसिटी, म्हणजे बारीक भोकं.

रस्त्यापलीकडे एकाने तेव्हा नवीन शेड टाकलं होतं. आमच्याच दोन नंबर बूथवर दोन महिने काढलेला माणूस. 'पाच दिवसांत ६जी' असा बोर्ड, आणि शेवटी स्वतःच्या सहीशिक्क्याचा कागद. त्याने ही बातमी मिळेल त्याला सांगितली. "त्यांचं शिकवणंच कच्चं आहे," हे वाक्य मला चार वेगवेगळ्या माणसांनी येऊन ऐकवलं. पार्टीने काम काढून घेतलं. महिन्याभरात तीन बूथपैकी एकावर उजेड दिसायचा, तोही मीच काहीतरी जोडत बसलेलो असायचो. रेक्टिफायर विकायला गिऱ्हाईकसुद्धा बघून गेलं.

पाइप का रिजेक्ट झाले ते मिस्त्रींनी शोधलं. रॉड गरम, कोरडे ठेवायच्या ओव्हनमधला एक रॉड काढून त्यांनी फ्लक्सचा तुकडा उडवला आणि आतल्या तारेवरचा तांबूस डाग दाखवला. रात्री ओव्हन बंद होत होता. बंद कोण करत होतं? मी. विजेचं बिल वाचवायला. ७०१८ लो-हायड्रोजन रॉड. सीलबंद डबा उघडला की तो १२० अंशांच्या वरच ठेवायचा, बाहेर काढल्यावर चार तासांत संपवायचा. ओलावा धरला तर आधी पोरॉसिटी दिसते, आणि जी दिसत नाही ती हायड्रोजनची क्रॅक त्याहून वाईट. हे सगळं मी मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. मिस्त्रींनी दोनदा टोकलंही होतं, मी हो हो म्हणून निघून गेलो होतो.

तेव्हा चूक माझी, हे कुणासमोरही मान्य करतो. पण हात कच्चे नव्हते. त्या नऊ मुलांना बोलावून नव्या डब्याच्या रॉडने तेच पाइप परत मारून घेतले. प्रत्येक पाइपच्या चार पट्ट्या कापल्या, छत्तीसच्या छत्तीस १८० अंशांत वाकल्या, एकीलाही ३ मिलीमीटरची चीर नाही. पार्टीला बघायला या म्हणून तीनदा निरोप दिला. कोणी आलं नाही. ते अजून सलतं.

त्या मुलांनीच पुढे इतरांना पाठवलं. नंतरची वर्षं बरी गेली, बूथ आठ झाले, टिग वेल्डिंग आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परीक्षेला बसणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी सांगतोच. परीक्षा शेवटी तोच घेतो ज्याच्याकडे काम करायचंय, त्याच्या डब्ल्यूपीएसवर, म्हणजे वेल्ड कसं मारायचं ते लिहिलेल्या कागदावर. तो कागद आधी मागून वाचा : कोणता रॉड, कोणती पोझिशन, वर चढायचं की खाली उतरायचं. दुसरं, पट्टी ग्राइंड करताना ओरखडे लांबीच्या दिशेनेच जाऊ द्या. आडवा ओरखडा म्हणजे बेंडमध्ये चिरेला दिलेलं आमंत्रण. चांगलं वेल्ड असून यात गेलेली मुलं मी पाहिलीत. आणि पास झालात म्हणून होल्डर खुंटीला टांगू नका, सहा महिने त्या प्रोसेसवर काम केलं नाही तर क्वालिफिकेशन संपतं. या तीन झाल्या, असू द्यात.

मिस्त्री आता रोज येत नाहीत. येतात तेव्हा आधी ओव्हनच्या पत्र्याला हाताची उलटी बाजू लावून बघतात, मग माझ्याकडे बघतात.

पलीकडचं शेड दोन वर्षांपूर्वी बंद झालं. सामान विकायला काढलंय कळल्यावर मीही गेलो. मशीनं होती, होल्डर होते, बोर्डही भिंतीला टेकवून ठेवलेला. सगळं फिरून बघितलं. रॉडचा ओव्हन कुठेच नव्हता. विचारलं तर म्हणाला, कधी लागलाच नाही.

बेंडचा जॅक मात्र नवा कोरा होता, बहुधा वापरलेलाच नव्हता. तो मी घेतला.