आयक्लर घराची बाग: आधी उतार, मग झाडं

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल आणि पालो आल्टो या गावांमधल्या काही आयक्लर घरांच्या वस्त्यांत स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्याच घरावर दुसरा मजला चढवता येत नाही. बरं, हे वरून लादलेलं नाही. तिथल्या मालकांनीच बहुमताने अर्ज करून एकमजली घरांचा नियम नगरपालिकेकडून मागून घेतलाय. घराची किंमत वीस कोटी रुपयांच्या वर आणि उंचीला मर्यादा १७ फुटांची! एवढ्या जागेत पुण्यात पार्किंगसकट चार मजले उभे राहिले असते, हे आपल्या मनात येतंच.

पण ही घरं आतून पाहिली की चीड निम्म्यावर येते. मागच्या बाजूला भिंत अशी नाहीच, जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. शेजाऱ्याने वर एक खोली काढली तर तिच्या खिडकीतून तुमची झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि देव्हारा, सगळं दिसणार. तेव्हा वर जायचं नाही, जे काही सुधारायचं ते जमिनीलगत. म्हणून इथे घर सुधारणं म्हणजे मुख्यतः बाग सुधारणं, आणि बाग बिघडली की घर बिघडलं.

जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत कॅलिफोर्नियात अशी सुमारे ११,००० घरं बांधली. तो स्वतः आर्किटेक्ट नव्हता. अँशन अँड अ‍ॅलन, जोन्स अँड एमन्स, क्लॉड ओकलंड यांच्याकडून त्याने नकाशे करून घेतले. त्या काळी बरेच बिल्डर गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकत नसत, हा विकत होता. याच मुद्द्यावरून त्याने १९५८ मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. आज त्याच गल्ल्यांत आकाशकंदील लागतात. त्याच्याबद्दल आदर जरूर ठेवावा. त्याने काढलेल्या पाण्याच्या वाटेबद्दल मात्र मला तेवढा आदर नाही.

मूळ अडचण जोत्याची आहे. आपल्याकडे पावसाच्या धाकाने जोतं दोन-तीन फूट उचलतात. इथे घराखाली पोकळी नाही, सुमारे चार इंचांचा काँक्रीटचा कोबा थेट जमिनीवर ओतलेला. आतली फरशी आणि बाहेरची फरशी जवळजवळ एका पातळीत, कारण काचेचा दरवाजा सरकवला की घर आणि अंगण एक वाटलं पाहिजे. दिसायला झकास. पण इथल्या सॅन होजे भागात वर्षभराचा पाऊस सुमारे १५ इंचच, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. उरलेले सात महिने कोणाला पाण्याची आठवण नसते. बागकाम उन्हाळ्यात होतं आणि चूक डिसेंबरात कळते.

सगळ्यात नाजूक जागा अ‍ॅट्रियम. घराच्या मधोमध, वर उघडा, चारही बाजूंनी खोल्या. इथल्या मासिकांत त्याचं इतकं कौतुक होतं की जणू चौक यांनीच शोधला. वाड्याचा चौक निदान शहाणपणाने बांधलेला असे: ओसरीपेक्षा खाली, दगडी फरशीचा, मोरीकडे स्पष्ट उतार असलेला. अ‍ॅट्रियम मात्र आतल्या फरशीपेक्षा जेमतेम दोन-तीन इंच खाली असतो, आणि त्यातल्या पाण्याला बाहेर जायला बहुधा एकच वाट: एक जाळी, तिच्याखाली तीन-चार इंचांचा पाइप, तो कोब्याखालून घराच्या पोटातून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. साठ वर्षांत तो गंजलेला असतो, कुठे दबलेला असतो, कुठे त्यात मुळं शिरलेली असतात.

हिशोब करून पाहा. १० बाय १५ फुटांच्या अ‍ॅट्रियमवर एक इंच पाऊस पडला की सुमारे ३५० लिटर पाणी. छताचा काही भाग तिकडे उतरत असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. वाट तुंबली तर हे पाणी दिवाणखान्यात येणार, दुसरीकडे जायला जागाच नाही.

म्हणून झाडं, कुंड्या, दिवे यांच्या आधी हे करायचं. जाळी काढून गाळ हाताने उपसा. मग बागेचा पाइप पूर्ण सोडून दहा मिनिटं पाणी जाऊ द्या आणि एकाला रस्त्याच्या कडेच्या तोंडाशी उभं करा. पाणी लगेच आणि तेवढ्याच जोराने बाहेर आलं तर ठीक. उशिरा किंवा बारीक धारेने आलं तर आत कॅमेरा घालून पाहायला प्लंबर बोलवा. कॅमेऱ्याआधी जोरदार प्रेशरने पाइप धुऊ देऊ नका. कुजका पाइप त्याने फुटतो, आणि तो कोब्याखाली असल्याने दुरुस्तीला घर फोडावं लागतं. पाइप धड असेल तर सपाट जाळीऐवजी घुमटाच्या आकाराची बसवा. सपाट जाळीवर चार पानं बसली की ती बंद, घुमटीच्या बाजूंनी पाणी जात राहतं. जाळीभोवती फूटभर फक्त गोटे. लाकडाचा भुगा किंवा सालीचे तुकडे अ‍ॅट्रियममध्ये टाकूच नका, ते तरंगतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. पाइप कामातून गेला असेल तर अ‍ॅट्रियममध्ये छोटा खड्डा करून पंप बसवतात. त्याला बॅटरी हवीच, कारण ज्या वादळात पाऊस पडतो त्याच वादळात वीज जाते. हो, इथेही जाते.

आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक: जुन्या काँक्रीटवर नवी फरशी. एक इंच मसाला, पाऊण इंच फरशी, की आत-बाहेरचा जवळजवळ सगळा फरक संपला. फरशी बदलायची तर जुनी काढूनच बदला, आणि दर फुटाला पाव इंच उतार जाळीकडे. गवंड्याने लेसर आणला तरी पाण्याची नळी लावून एकदा तपासा.

घराभोवती नियम असा, की मातीला भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार हवा. पण बाजूचं अंगण पाच-सहा फुटांचंच असतं, मग तो उतार कुंपणाशी येऊन संपतो आणि पाणी तिथेच डबकं करतं. अशा ठिकाणी कुंपणालगत चर काढतात: १२ इंच रुंद, १८ इंच खोल, आत गाळणीचं कापड, त्यात पाऊण इंचाची धुतलेली खडी, मध्ये भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खाली करून, दर फुटाला एक अष्टमांश इंच उतार. भोकं वर ठेवणारे कामगार इथेही भेटतात. छताच्या पन्हळीचं पाणी या पाइपला जोडू नका. जोडलंत तर जे पाणी बाहेर काढायचं तेच भोकांतून घराजवळ मुरवाल. पन्हळीला बिनभोकाचा स्वतंत्र पाइप द्या. हे पाणी सांडपाण्याच्या गटारात सोडणं बेकायदा, आणि शेजाऱ्याकडे सोडलं तर प्रकरण वकिलापर्यंत जातं.

घराची बाहेरची कातडी उभ्या खाचांच्या प्लायवूडची असते. तिच्या खालच्या कडेपासून माती किमान सहा इंच आणि काँक्रीट दोन इंच खाली हवं. दर वर्षी खत-माती टाकत गेलं की दहा वर्षांत वाफा लाकडाला टेकतो, मग कूज आणि वाळवी. खांबांचे तळ तपासायचे असतील तर साधा स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत शिरला तर आधी खांब, बाग नंतर.

खोदायच्या आधी ८११ या खोदकामाची सूचना घेणाऱ्या क्रमांकावर फोन, किमान दोन कामाचे दिवस आधी. खोदायची जागा पांढऱ्या रंगाने आखून ठेवायची. गॅस, वीज, पाणी, केबल, सगळ्यांची माणसं येऊन आपापल्या रंगाने खुणा करून जातात, तेही फुकट. आपल्याकडे केबल कुठे आहे हे ती तुटल्यावर कळतं, तेव्हा या एका बाबतीत निमूटपणे हात जोडावेत. मात्र घराचा स्वतःचा ड्रेनेज पाइप ते दाखवत नाहीत. तो जुन्या भाजक्या मातीचा असू शकतो आणि झाडाची मुळं त्याच्या सांध्यांतूनच शिरतात, म्हणून मोठं झाड लावण्याआधी त्याचाही मार्ग काढून घ्या.

हिरवळ काढायची असेल तर पाणीपुरवठा खात्याचं अनुदान मिळतं, पण मंजुरी हातात येईपर्यंत गवताला हात लावायचा नाही. आधी उपटलं की अर्ज बाद. मग गवत अगदी बारीक कापून भिजवा, इंचभर कंपोस्ट, त्यावर बिनछपाईचे पुठ्ठे सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून, पुन्हा भिजवून, वर तीन-चार इंच लाकडाचे तुकडे. हरळी असेल तर हा उपाय चालत नाही, ती पुठ्ठ्याच्या फटीतून डोकं काढतेच. ती मुळासकट खणून काढावी लागते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

जळगाव-नाशिककडच्या वाचकांना ठिबकही सांगायला नको. इथलं वेगळेपण एवढंच: नळाला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह सक्तीचा, दाब २५ ते ३० पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर, आणि अर्ध्या इंचाची एक नळी दोनशे फुटांच्या पुढे न्यायची नाही. माती चिकणमातीची, आपल्या काळ्या रानासारखी. एकदम तासभर सोडलं तर पाणी वरून वाहून जातं. वीस-वीस मिनिटांचे तीन हप्ते, मध्ये तासाभराची विश्रांती.

पुढच्या अंगणात तीन फुटांच्या चौकोनी काँक्रीटच्या लाद्या आणि मध्ये काळे गोटे, हे या घरांना शोभतं. खाली चार इंच दाबलेली खडी, वर चार इंच काँक्रीट. लांब पट्टा ओतणार असाल तर दर आठ ते दहा फुटांवर एक इंच खोल काप द्या, नाहीतर काँक्रीट स्वतःच कुठेतरी काप घेईल. मुरूम पसरायचा तर तीन इंच, दोन थरांत, प्रत्येक थर ओला करून दुरमुसाने ठोकायचा. सरकत्या काचेच्या दारापासून मात्र तो सहा-सात फूट लांब. बुटांबरोबर आलेले खडे दाराची खाच आणि आतली फरशी दोन्ही खातात. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात म्हणून हा त्रास आपल्या घरांत कमी होतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

झाडं मोजकी. पसरणारा बांबू चुकूनही नको, बेट करून राहणाराच. भिंतीलगत मेथी-कोथिंबिरीचे वाफे करू नका. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं आणि खरवडलेला रंग त्याच मातीत पडलेला असतो. पालेभाजी भिंतीपासून दूर, लाकडी चौकटीत, विकतच्या मातीत.

छताबद्दल थोडक्यात: वर माळा नाही, म्हणून उष्णतारोधक थर बाहेरूनच द्यावा लागतो. आतून दिसणारी छताची फळी जेमतेम दीड इंच जाड असते. ठेकेदाराने नेहमीच्या लांबीचे स्क्रू मारले तर त्यांची टोकं दिवाणखान्याच्या छतातून खाली डोकावतात. काम सुरू होण्याआधी स्क्रूची लांबी लिहून घ्या. आणि आगाऊ रक्कम कायद्याने दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांतली कमी असेल तेवढीच. आपल्याकडे निम्मे पैसे घेऊन गायब झालेले मुकादम आठवून हा कायदा फार गोड वाटतो.

राहिला कढीपत्ता. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही जगते, म्हणून कॅलिफोर्नियात त्याच्या रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. एका कौंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) दुसरीकडे मैत्रिणीला रोप नेऊन देणं हाही गुन्हा ठरू शकतो, आणि भारतातून आणलेली पानं विमानतळावर काढून घेतात. रोप परवानाधारक नर्सरीतूनच घ्या आणि कुंडीतच ठेवा, म्हणजे थंडीत पहाटे दव गोठायला लागलं की ती आत घेता येते. कोवळी पानं पिळवटलेली दिसली आणि त्यांवर पांढऱ्या मेणाचे बारीक धागे असतील तर फांदी तोडून फेकू नका, कुठेही नेऊ नका. आहे तशी ठेवून कृषी विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा.