म्हापशाहून काणकोणला, थांब्याथांब्याने

गोव्याचा महामार्ग मोटारीच्या काचेतून पाहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची मते वर्तमानपत्रांतून वाचायलाही मिळतात. मला तो या वेळी बसच्या खिडकीतून पाहायचा होता. काणकोणात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जायचे बरेच दिवस मनात होते. जावयाने गाडी देऊ केली होती, परंतु पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर गेल्या दहा वर्षांत इतका पैसा ओतला गेला आहे की त्याचा उपयोग बसने जाणाऱ्या माणसाला किती होतो, हे एकदा स्वतः अनुभवावे असे वाटले. दर्शन उत्तम झाले, प्रसाद मिळाला, गर्दी नव्हती. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण हा लेख मी वाटेतल्या पर्वरीमुळे लिहिते आहे.

शुक्रवार असल्यामुळे म्हापशाच्या बाजाराला आलेली माणसे पिशव्या घेऊन परतत होती आणि बस गच्च भरलेली होती. कंडक्टर सवयीने "फुडें वच, फुडें वच" असे ओरडत होता, पण पुढे जायला जागा उरलेली नव्हती. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मांडीवर अळसांद्यांची पिशवी, पायाशी नारळांचे पोते आणि हातात सुट्या पैशांची घट्ट मूठ. गिरीपर्यंत बस नीट आली. पुढे पर्वरीला उन्नत मार्गाचे काम ऐन भरात होते: सहा पदरी, पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, सुमारे ६४१ कोटी रुपयांचा. रस्त्याच्या मधोमध खांबांची रांग, खांबांच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे अडथळे, आणि उरलेल्या पट्टीतून ट्रक, पर्यटकांच्या भाड्याच्या मोटारी, दुचाकी आणि आमची बस मुंगीच्या पावलांनी चाललेली. धुळीमुळे खिडक्या बंद कराव्यात तर उकाड्याने जीव जातो आणि उघड्या ठेवाव्यात तर सिमेंटची भुकटी तोंडात येते. अशा प्रवासात माणूस घरी गाडी ठेवून बसने निघाल्याबद्दल स्वतःचे कौतुक करण्याच्या मनःस्थितीत राहत नाही, हे मी कबूल करते.

त्या बाईंना उतरायचे होते तो थांबा कामामुळे हलवला होता. कंडक्टरने त्यांना पुढे कुठेतरी, पत्र्याला लागून उतरवले. घर रस्त्याच्या पलीकडे, आणि पलीकडे जायला वाट नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतून पूर्वी लोक जात असावेत, कारण तिथली माती पावलांनी घट्ट झाली होती, पण आता तिथे सळ्यांची एक मोळी आडवी टाकलेली होती. बस वाहतुकीत अडकून जागीच उभी असल्यामुळे मला हे सगळे खिडकीतून स्पष्ट दिसत होते. बाई पोते खाली ठेवून दोन्ही बाजूंना पाहत राहिल्या. मोटारी थांबत नव्हत्या. कोणी थांबायला तयार झालाच तर मागचा भोंगा वाजवून त्याला पुढे ढकलत होता. शेवटी कामावरचा एक परप्रांतीय पोरगा आला. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, हातात काठीला बांधलेले लाल फडके. त्याने फडके उंच धरून सरळ रस्त्यात उभे राहून वाहने अडवली, सळ्यांची मोळी पायाने बाजूला सरकवली, पोते स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि बाईंना हाताला धरून पलीकडे नेले. मग तो परत येऊन मोळी होती तशी लावून आपल्या जागी उभा राहिला.

मी हे वर्णन लांबवते आहे याचे कारण असे की या कामाच्या आराखड्यात वाहतूक कुठून वळवायची, चोगम नावाच्या पर्यायी रस्त्याने किती वाहने पाठवायची, अवजड वाहने कोणत्या वेळी सोडायची, या सर्वांचा विचार झालेला आहे. चालत रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचार मात्र फडके धरणाऱ्या पोराच्या सौजन्यावर सोडलेला आहे. माझ्या पुढच्या आसनावरचे गृहस्थ, जे बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते, मागे वळून म्हणाले, "बाई, पूल पुरा झाला की हे सगळे सुटसुटीत होईल." पूल झाल्यावर पर्वरीत न थांबणाऱ्यांची सोय होईल, याबद्दल मला शंका नाही. पुलाखाली राहणाऱ्यांचे काय, हे मी त्यांना विचारले. त्यांनी बोटाने खाप्रेश्वराची जुनी जागा दाखवली. तिथला वड मार्च २०२५ मध्ये मुळांसकट उपटून दुसरीकडे लावण्यात आला आणि देवस्थानही हलवावे लागले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. "वडासाठी एवढा गहजब झाला, थांब्यासाठी कोण करणार?" असे ते म्हणाले, आणि याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पैशाची बाजू पाहिली की राग अधिकच वाढतो. गोव्यातील राष्ट्रीय महामार्गांची कामे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा महामार्ग विभाग करून घेतो, परंतु पैसा येतो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून. तो दिल्लीतून येतो म्हणून फुकट येतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि उद्घाटनाच्या भाषणांतून तो जोपासलाही जातो. वास्तविक पेट्रोल आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्ते व पायाभूत सुविधा उपकर घेतला जातो आणि तो ज्या केंद्रीय निधीत जमा होतो त्यातूनच रस्त्यांचा मोठा भाग उभा राहतो. म्हणजे म्हापशात स्कूटरमध्ये पेट्रोल भरणारी शिक्षिका आणि डिझेलवरच्या बसचे तिकीट काढणाऱ्या या अळसांदेवाल्या बाई, दोघीही वर्गणीदार आहेत. केंद्रीय करांच्या वाटपात पंधराव्या वित्त आयोगाने गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के ठरवला होता. लोकसंख्येच्या आणि क्षेत्रफळाच्या सूत्रांत ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या राज्याला याहून फार मिळण्याची शक्यताही नव्हती. शिवाय २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, त्यामुळे राज्याच्या स्वतःच्या तिजोरीवरही ताण आला. अशा राज्याने केंद्राचा महामार्गनिधी दोन्ही हातांनी घ्यावा हे शहाणपणाचेच आहे. माझी तक्रार घेण्याबद्दल नाही. निधी ज्या आराखड्यासाठी मिळतो त्यात वाहनसंख्या मोजली जाते आणि माणसे गृहीत धरली जातात, ही माझी तक्रार आहे.

मांडवीवर आल्यावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लिन्हारेशचा सेतू पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला आणि त्यावरून अजून माणसे चालतात. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा आम्ही फेरीबोटींच्या रांगेत किती तास काढले याच्या आठवणी माझ्या पिढीला आजही तोंडपाठ आहेत. म्हणून २७ जानेवारी २०१९ रोजी अटल सेतू खुला झाला तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. नाकात नळी असलेल्या अवस्थेत मनोहर पर्रीकर त्या समारंभाला आले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना तो दिवस विसरणे कठीण आहे. ५.१ किलोमीटर लांबीचा हा सेतू राज्याच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळाने उभारला. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. सुरक्षिततेचे कारण मी समजू शकते. पण ज्या राज्यात जवळजवळ घराघरात दुचाकी आहे, त्या राज्याने राजधानीच्या दारातला सर्वांत देखणा पूल दुचाकीसाठी बंद ठेवावा, याची खंत वाटते. आमची बस जुन्या पुलावरून गेली आणि वरच्या सेतूच्या सावलीमुळे थोडा गारवा मिळाला, एवढा लाभ मात्र आम्हाला झाला.

पणजी ते मडगाव ही शटल बस मला मनापासून आवडते. आधी तिकीट, मग रांग, मग आसन. कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही. शेजारी भोमचे एक तरुण गृहस्थ बसले होते. त्यांचे गाव महामार्ग ७४८ वर असून रुंदीकरणाला तिथे दीर्घकाळ विरोध चालू आहे, कारण रस्ता गावाच्या मधून आणि देवळांच्या अंगणांजवळून जातो. भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यासाठी कायद्याने एकवीस दिवस मिळतात, हे त्यांनी मला सांगितले. "एकवीस दिवसांत सर्व्हे क्रमांक शोधायचा, वकील शोधायचा, कूळ कोण आणि मालक कोण याचा निवाडा करायचा, आणि वर विकासाचे विरोधक म्हणवून घ्यायचे," असे ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाचा मला अधिक त्रास झाला. बाह्यवळण घेतल्यास शेती जाते, गावातून नेल्यास घरे जातात, खांबांवर नेल्यास खर्च वाढतो, ही गोव्यातल्या प्रत्येक कामाची अडचण आहे. मडगावच्या पश्चिम बाह्यवळणाच्या बाबतीतही बाणावलीचे लोक भराव नको, खांबांवर रस्ता न्या, असे वर्षानुवर्षे सांगत राहिले, कारण साळ नदीच्या खोऱ्यातल्या सखल शेतांत भराव घातला की पावसाळ्याचे पाणी तुंबते. खर्च वाचवण्यासाठी घातलेल्या भरावाचे पैसे पुढे शेतकरी भरतो. ते कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिले जात नाहीत.

झुआरीवर आल्यावर मात्र खरे सांगायचे तर मी टीका विसरले. जुन्या पुलावर अवजड वाहनांना बंदी घालावी लागली होती आणि कुठ्ठाळीच्या बाजूला तासन्‌तास उभे राहणे हा नित्याचा भाग होता. नव्या आठ पदरी पुलाचे पहिले चार पदर डिसेंबर २०२२ मध्ये आणि उरलेले डिसेंबर २०२३ मध्ये खुले झाले, आणि बस त्या तारांच्या खालून ज्या वेगाने निघून गेली त्या वेगाने मला नदी नीट पाहताही आली नाही. या पुलाला जोडून निरीक्षण मनोरे आणि फिरते उपाहारगृह करायची योजना खासगी गुंतवणुकीतून आखलेली आहे. मनोऱ्यावर जेवायला जाण्याइतके पैसे माझ्याजवळ असतीलही, पण तिथे बसने कसे पोहोचायचे हे मला सांगणारा कोणी भेटलेला नाही. पाहुणे डोळ्यांपुढे ठेवून रस्ता आखायची गोव्याची सवय जुनी आहे. १९८३ च्या राष्ट्रकुल प्रमुखांच्या बैठकीने आपल्याला चोगम रस्ता दिला आणि त्याच रस्त्यावर आज पर्वरीची वाहने वळवून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, हे त्या पाहुण्यांचे उपकारच म्हणायचे.

मडगावच्या पुढे कुंकळ्ळी आणि बाळ्ळीपर्यंत रस्ता अरुंद आणि वस्तीतला आहे. करमल घाट लागला की तो जंगलात शिरतो. वळणांवर ट्रकच्या मागे बस रांगत राहते, मागच्या मोटारी अधीर होतात आणि एखादा वेडा वळणावरच पुढे निघण्याचा प्रयत्न करतो. पणजीपासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंतचा हा पट्टा टोल आकारून चौपदरी करण्याचा बेत २०१० च्या सुमारास आखला गेला होता. घरे वाचवण्यासाठी आणि टोलविरोधात गोवेकर उठले आणि तो बारगळला. शेजारच्या सिंधुदुर्गात ओसरगावच्या टोलनाक्यावर झालेला संघर्ष आम्ही पेडणे-बार्देशची माणसे जवळून पाहतो, म्हणून टोलला विरोध का होतो हे कोणी आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तरीही टोल नको आणि रुंद रस्ता हवा, तोही उद्याच, हा आग्रह किती काळ चालेल याबद्दल मी साशंक आहे. टोलऐवजी केंद्राकडून मिळणाऱ्या पन्नास वर्षे मुदतीच्या बिनव्याजी कर्जाकडे राज्ये वळली आहेत आणि गोव्यालाही तो मार्ग सोयीचा आहे. ते कर्ज फेडणारी माणसे अजून शाळेत गेलेली नाहीत.

काणकोणात २०१९ पासून बाह्यवळण आहे. चार रस्त्यापासून माशेंपर्यंत जाणारा हा रस्ता तळपण आणि गालजीबाग नद्यांवरून जातो आणि कर्नाटकाकडे जाणारी वाहतूक चावडी नावाच्या तिथल्या बाजारवस्तीत न शिरता परस्पर निघून जाते. चावडीला एका हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि चहा घेताना मालकाला विचारले की बाह्यवळणामुळे धंदा बसला का. त्यांनी हिशेब सांगितला: पूर्वी कारवारकडे जाणारे ट्रकवाले आणि पर्यटक थांबत, ते आता थांबत नाहीत, सकाळचे गिऱ्हाईक घटले. पण त्यांची आई समोरच्या दुकानातून पेंड आणायला एकटी जाऊ लागली आहे, पूर्वी तिच्याबरोबर कोणाला तरी पाठवावे लागे. या दोन गोष्टींपैकी कोणती मोठी, हे त्यांनी ठरवलेले नव्हते आणि मीही विचारले नाही. करमल घाटाचे रुंदीकरण आले तर काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "आधी बाळ्ळीला बसची शेड बांधा म्हणावे. पावसात लोक झाडाखाली उभे असतात." पुढच्या निविदेत कोटींच्या रकमांबरोबर अशा शेडचे आणि ओलांडण्याच्या जागांचे वेगळे कलम असावे, आणि त्याची जागा नकाशावर पंचायतीत लावून लोकांकडून तपासून घ्यावी, एवढी सूचना मी आमच्या आमदारांना पत्राने कळवली आहे. पत्राची पोच अद्याप आलेली नाही.